सात कोरी पॅकेजं

३ जून

पोहोचलो एकदाचा, आणि खरं सांगायचं तर मजेत आहे. बिश्केकहून नारीनपर्यंत बस, नारीनहून उच-तेरेक गावापर्यंत कुणाच्या तरी मेंढ्यांच्या शेजारी बसून, आणि तिथून वर बोझ-कोल तळ्यापर्यंत चार तास ठाण्याचा ड्रायव्हर मेदेर बाइके, म्हणजे मेदेरदादा, याच्या जीपमध्ये. ही जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि कुरकुरही माझ्यापेक्षा जास्त करते. वर आलो तर समोर राखाडी तळं, मागे हिमनदी, आणि पंधरा मैलांत दुसरा माणूस नाही. वरिष्ठांचं तोंड दोन महिने बघायचं नाही, यासाठी मी चंद्रावरसुद्धा गेलो असतो.

काम पोरखेळ आहे. उन्हाळ्यात हिमनदी वितळते, तळं भरतं. तोंडाशी बांध आहे, बांधाला लोखंडी दार आहे. पाणी चढलं की संगणक ते दार उघडतो, उतरलं की लावतो. खाली दरीत उच-तेरेक गाव, बासष्ट घरं. इथल्या संगणकावर वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आहे. तो काढून कार्यालयाने दिलेला नवा बसवायचा. कार्यालयाने दोन महिने दिलेत, मी दहा दिवस म्हणालोय. उरलेले पन्नास दिवस झोपणार आहे.

वाटेत मेदेर बाइकेने मला माझे सात बाप विचारले. इथे हीच पद्धत आहे, नमस्काराच्या आधी वंशावळ. मी सादिकचा, सादिक जुमाबेकचा, एवढं सांगून थांबलो. माझे वडील मी चार वर्षांचा असताना घर सोडून गेले, जाताना यादी देऊन गेले नाहीत. तो म्हणाला, ज्याला सात बाप ठाऊक नाहीत तो गुलाम असं म्हातारे म्हणायचे, पण तू शहरातला आहेस म्हणून मी तसं म्हणत नाही. मग तासभर स्वतःचे सात बाप ऐकवले. चौथा घोडेचोर होता, त्याचाही अभिमान.

४ जून

ठाण्यावर तीन खोल्या, पत्र्याचं छप्पर. स्वयंपाकाला बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, आहे. वय अडुसष्ट, गुडघे संपलेले, जीभ मात्र शाबूत. चाळीस वर्षं इथेच रांधते आहे. माझा डबा बघून म्हणाली, बाळा, आईने एवढंसं दिलंय म्हणजे तिला तू लवकर परत यायला हवायस की तिचा तुझ्यावर राग आहे?

व्यवस्था मात्र अपेक्षेपेक्षा चांगली आहे. सकाळी उठलो तर शेगडी गरम, बादली भरलेली, दाराला आतून कडी. रात्री हातभर बर्फ पडलं होतं, तरी बांधावरच्या मोजपट्टीपर्यंतची पायवाट लख्ख झाडलेली. फळ्यावर आठच्या मापाचा आकडा खडूने लिहून तयार. म्हातारी दिसते त्यापेक्षा चपळ आहे. आठ वाजता रेडिओवरून माप खाली कळवायचं असतं. कळवलं. एक घोगरा आवाज म्हणाला, उच-तेरेक ऐकतंय, आणि बंद झाला. खेड्यातल्या नोकरांना दोन शब्दांपलीकडे बोलायला होत नाही.

६ जून

अडलं. माझं नाही, यंत्राचं.

लिनक्सवर प्रोग्राम एकटा येत नाही. तो पॅकेजमधून येतो, आणि प्रत्येक पॅकेज दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजच्या जिवावर उभं असतं. ते आधी बसवा, मग हे बसेल. इंटरनेट असेल तर यंत्र स्वतः सगळा गोतावळा गोळा करतं. इथे इंटरनेट नाही. ते खाली गावच्या टपाल कचेरीत आहे. मी पेनड्राइव्हवर फक्त मुख्य पॅकेज उतरवून आणलं होतं. बाकीचं यंत्रावर असेलच असं मी धरून चाललो. पण इथल्या यंत्रावर वीस वर्षांची धूळ सोडली तर काही नाही.

यंत्र म्हणालं, बसवता येत नाही, अमुक हवं. मेदेर बाइकेला चिठ्ठी देऊन खाली पाठवलं. जायला चार तास, यायला चार तास.

९ जून

त्याने अमुक आणलं. अमुक म्हणालं, मला तमुक हवं. पुन्हा पाठवलं. तमुक आलं, त्याला आणखी दोन हवीत. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं. मेदेर बाइके तिसऱ्यांदा जीपमध्ये बसताना म्हणाला, तुझी नवरी आणली, नवरीची आई आणली, आईची मावशी आणली, आता एकदाच सांग, वऱ्हाडात अजून कोण कोण आहे? बुरुल एजे म्हणाली, असानाली असता तर पहिल्याच चिठ्ठीत पूर्ण यादी लिहून दिली असती.

हा असानाली माझ्या आधीचा. गेल्या वसंतात मेला. एजेच्या तोंडी दिवसातून दहा वेळा त्याचं नाव. शाळेत भूगोल शिकवायचा, पन्नाशीनंतर संगणक शिकला. असल्या माणसाने बसवलेली यंत्रणा मी निस्तरतोय.

१२ जून

वऱ्हाड पूर्ण झालं. तरीही बसत नाही, आणि आता कारण सापडलंय. डोंगर पोखरून उंदीर निघाला, तोही मेलेला.

यंत्रावर असानालीने स्वतः बनवलेली सात पॅकेजं आहेत. नावं अशी: राखणदार-मुकाश, राखणदार-शारशेन, राखणदार-तोकतोसुन, राखणदार-इसा, राखणदार-कालिय, राखणदार-ओरोझबेक, राखणदार-असानाली. एकेक उघडून पाहिलं. आत काही नाही. एक फाइल नाही, एक ओळ नाही. आकार शून्य. तरी प्रत्येक पॅकेज आधीच्यावर उभं आहे, आणि दाराचा जुना प्रोग्राम सातव्यावर. यातलं एक जरी बसलेलं असेल तर यंत्र नव्याला आत घेत नाही.

प्रत्येक पॅकेजमध्ये सांभाळणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, हा नियमच आहे. मुकाशचा सांभाळणारा शारशेन, शारशेनचा तोकतोसुन, असं वर वर. असानालीच्या पॅकेजमध्ये त्या ओळीत लिहिलंय: जो येईल तो. मी मोठ्याने हसलो. शेजारच्या खोलीत कुणीतरी खोकलं. मेदेर बाइकेची सिगारेट त्याला पुरून उरणार.

एजेला विचारलं. ती म्हणाली, हे सात जण या दाराचे राखणदार. मुकाश सर्वांत पहिला, एकावन्न साली आला. सगळे इथेच मेले, सगळे वरच्या टेकडीवर पुरलेत. संगणक आला तेव्हा असानाली म्हणाला, दार याच्या हाती द्यायचं तर याला आपले सात बाप माहीत हवेत. सहा त्याने तेव्हाच बसवले. सातवं शेवटच्या आजारपणात, अंथरुणावर बसून. तू त्यांना हात लावू नकोस, बाळा.

यंत्राला वंशावळ. बांधकाम खात्याने पंचांग बघून पूल बांधला असता तरी मला एवढी लाज वाटली नसती.

१४ जून

असानालीची एक जाड वही आहे. कुठलं पॅकेज कुठून आलं, कोणी कोणत्या तारखेला वर आणलं, त्याच्या आधी काय बसवायला हवं, सगळं जांभळ्या शाईत. शेवटच्या पानांवर हे सात, सविस्तर. मला कार्यालयाला अहवाल पाठवायचाच आहे, तर तो गमतीदार करावा म्हणतो. सातही एकदम काढणार नाही. एकेक काढीन, आणि प्रत्येक वेळी लिहीन: परिणाम शून्य. मास्तरांचं शास्त्र सात ओळींत निकालात.

तळातलं काढायला यंत्र तयार नव्हतं. म्हणालं, यावर इतर सहा उभी आहेत. सक्तीचा हुकूम दिला, मग मुकाट्याने काढलं. मुकाश गेला. दार ठीक, माप ठीक. परिणाम शून्य.

१५ जून

सकाळी बादली रिकामी. म्हातारीने रुसवा दाखवला म्हणायचा. स्वतः ओढ्यावरून पाणी आणलं. पाठ धरली.

१७ जून

काल शारशेन काढला. परिणाम शून्य. आज शेगडी थंडगार होती, राखसुद्धा गार. एजेचा राग शिस्तीत चाललाय, रोज एक काम बंद. असानालीच्या वहीची पानं फाडून शेगडी पेटवली. जांभळी शाई छान जळते. नाष्ट्याला कणकेचे बोरसोक तळताना तिने ते पाहिलं, हात पुसले, आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बोरसोक मात्र नेहमीपेक्षा जास्त वाढले, ते का कोण जाणे.

१९ जून

तोकतोसुन काढला. परिणाम शून्य, असं अहवालात लिहिलंय.

२० जून

पायवाट झाडलेली नव्हती. बर्फाखाली बर्फाचाच थर होता, मोजपट्टीच्या अलीकडे घसरलो आणि घोटा मुरगळला. लंगडत आलो आणि एजेला जे बोलायचं ते बोललो. म्हणालो, माझ्यावर राग असेल तर जेवणात मीठ घाला, पाय कशाला मोडता?

तिने माझ्या घोट्याला ओला फडका बांधला. मग म्हणाली, बाळा, या गुडघ्यांनी मी बांधावर जाते असं तुला वाटलं? मी चाळीस वर्षांत इथे झाडू हातात घेतलेला नाही. लागलाच नाही कधी.

मी विचारलं, मग कोण झाडत होतं? ती म्हणाली, ज्याचं काम होतं तो.

डोंगरातल्या बायका. प्रश्न विचारावा तर उत्तर कोड्यात. मेदेर बाइके झाडत असणार आणि दोघं मिळून मला बनवत असणार. शहरातल्या पोराची जिरवायची, एवढीच इथली करमणूक.

२२ जून

मेदेर बाइके परवापासून गावात आहे. म्हणजे काल सकाळी दाराची कडी कोणी उघडी ठेवली हे त्याच्यावर ढकलता येत नाही. इसाला काढल्यानंतरची सकाळ. दार सताड उघडं, आत बर्फ, माझ्या पांघरुणावर बर्फ. म्हातारी आपल्या खोलीत घोरत होती.

कडी मी स्वतः लावली होती की नाही ते आठवून पाहिलं. या ठाण्यावर आल्यापासून मी एकदाही कडी लावलेली नाही. रोज सकाळी ती लावलेली असायची.

अहवालात लिहिलं: परिणाम शून्य. वारा हा पॅकेजचा परिणाम नव्हे.

२४ जून

काल कालिय काढला. काढायला नको होता असं क्षणभर वाटलं, म्हणूनच काढला. घाबरून काम करायला मी काही भूगोलाचा मास्तर नाही.

सकाळी फळा कोरा. एजेने दाराशी उभं राहून पाहिलं आणि विचारलं, आज आकडा नाही लिहिलास? मी म्हणालो, मी कधीच लिहीत नव्हतो, तुम्ही लिहायच्या. ती म्हणाली, मला लिहिता येत नाही, बाळा. असानाली गेल्यावर अक्षर बदललं नाही, म्हणून मी विचारलं नाही.

फळ्याच्या चौकटीत खडूचा तुकडा होता. बोटाएवढा, झिजलेला, एका बाजूला अंगठ्याची खूण. हातात घेतला तर कोमट लागला. ऊन पडलं असेल त्यावर. पण फळा उत्तरेच्या भिंतीला आहे.

२७ जून

ओरोझबेक दोन दिवसांपूर्वी काढला. तेव्हापासून रेडिओ मुका. आठला हाक मारतो, नुसती खरखर.

मेदेर बाइके आज वर आला तेव्हा म्हणालो, खालच्या रेडिओवाल्याला सांगा, नोकरी करायची असेल तर आठला कानाशी बसत जा. त्याने विचारलं, कोण रेडिओवाला? मी म्हणालो, घोगऱ्या आवाजाचा. त्याने टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाला, गावातला रेडिओ चौऱ्याण्णव साली जळाला, इनिम, लहान भावा. टपाल कचेरीसोबतच जळाला. नवीन कचेरीत रेडिओ बसवलाच नाही, आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत. ओरोझबेक बसायचा त्यावर. तो त्या आगीतून वाचला, पण धुराने घसा गेला. पुढे इथे वर राखणदार झाला.

मी तीन आठवडे रोज सकाळी माप सांगत होतो. रोज कुणीतरी ऐकत होतं.

मेदेर बाइके जाताना म्हणाला, येत्या दोन तारखेला एजेच्या लेकीच्या, जिपारच्या, बाळाला पाळण्यात घालायचंय, जिपारकडे सगळं गाव जेवायला आहे, तूही चल. मी म्हणालो, बघतो. त्याने जीप सुरू केली, पुन्हा बंद केली, आणि खिडकीतून म्हणाला, असानालीला काढू नकोस. हे त्याने कुणाकडून ऐकलं? मी कोणालाच काही सांगितलेलं नाही.

३० जून

पाणी चढतंय. तीन दिवस कडक ऊन आहे. पट्टी वाचायला स्वतः जातो, माप स्वतः लिहितो, आणि आकडे वाईट आहेत.

आणि आता मी केलेला गाढवपणा. जुना प्रोग्राम सातांवर उभा होता. सहा मी काढले. तो आता तक्रार करतो, दार अर्ध्यावर थांबवतो, सुरू होतो, बंद पडतो. नवा प्रोग्राम आत यायला सातवाही जायला हवा. मागे जायला सहांच्या फाइली हव्यात, त्या मी पुसल्या. त्या कशा बनवायच्या ते वहीत होतं, आणि वही शेगडीत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मीच मला म्हणतो, दुसरं कोणी इथे नाही म्हणायला.

खोकला मात्र अजून येतो शेजारच्या खोलीतून. एकट्याचा. आधी वाटायचं मेदेर बाइके खोकतोय.

२ जुलै, सकाळ

मेदेर बाइके पहाटेच एजेला घ्यायला आला. ती नवीन ओढणी बांधून बसली होती, मांडीवर पाळण्यासाठी शिवलेली गोधडी. मी म्हणालो, पाणी चढलंय, मला थांबायला हवं. ती म्हणाली, थांब. तुझा वाटा पुडक्यात बांधून आणते. मग माझ्या गालाला हात लावला. असं तिने पहिल्यांदाच केलं.

ते गेले. नऊ वाजता मी असानालीला काढला. दुसरा मार्ग नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो. यंत्राने एकदा विचारलं, नक्की? हो म्हणालो.

खोकला थांबला.

नवा प्रोग्राम पहिल्या फटक्यात बसला. सगळं हिरवं. पाण्याची पातळी ठीक, दार चाळीस टक्के उघडं. बघा म्हणावं, हे असं असतं शास्त्र.

२ जुलै, अकरा

बाहेर जाऊन आलो. दार बंद आहे. पडद्यावर चाळीस टक्के उघडं, बांधावर बंद. पट्टीवर पाणी लाल खुणेच्या वीतभर खाली.

हुकूम दिला: पूर्ण उघड. पडदा म्हणाला, पूर्ण उघडलं. मी खिडकीतून बघत होतो. ते जागचं हललं नाही.

२ जुलै, साडेअकरा

मोटरची पेटी उघडली. दाराला फिरवणारी मोटर. आत मोटर नाही. चार गंजलेले बोल्ट, आणि पक्ष्याचं जुनं घरटं. तारा कधी तरी कापलेल्या, टोकं हिरवी पडलेली. वीस वर्षं संगणक रिकाम्या पेटीला हुकूम देत होता.

मग दार कोण—

बाजूला हाताने फिरवायचं चाक आहे. त्याच्या मुठी घासून आरशासारख्या झाल्यात. बाकी चाक गंजलेलं, पण मुठी चकचकीत. मी लोंबकळलो, पायाने रेटलं, पहार घातली. केसभर फिरलं नाही. हे एका माणसाचं काम नाही.

२ जुलै, बारा

पाणी चार बोटं खाली. जिपारच्या अंगणात आता सगळं गाव बसलं असेल. बासष्ट घरं, आणि पाळण्यात ते दहा दिवसांचं. गाडी नाही, मोबाइलला इथे रेंज नाही. पायी आठ तास, या घोट्याने दुप्पट. पाण्याला तासभर पुरेल.

रेडिओवर हाक मारत राहिलो. कुणीतरी ऐका. ऐकणाऱ्याला मीच काढलंय—

२ जुलै, साडेबारा

यंत्राची स्वतःची नोंद असते. काय बसवलं, काय काढलं, सगळं. सापडली. सात नावं, कोण कुणावर उभं, कोण कुणाला सांभाळतो, सगळं शब्दशः. कोरं पॅकेज बनवायला दोन मिनिटं लागतात, आत काही नसतंच.

नवा प्रोग्राम काढला, जुना बसवला. मुकाश बनवला. शारशेन. तोकतोसुन. इसा दोनदा चुकला. कालिय. ओरोझबेक. असानाली.

बसव म्हणालो. यंत्राने सहा घेतले. सातव्याला अडलं.

सांभाळणारा: जो येईल तो.

आधी हे चाललं होतं, आता चालत नाही. आता कोणीतरी आलेलं आहे. मी तिथे माझं नाव लिहिलं. सादिक उलू कुबात, म्हणजे सादिकचा मुलगा कुबात. पुन्हा बसव म्हणालो.

बसवता येत नाही: राखणदार-कुबात हवं, ते मिळालं नाही.

२ जुलै, एकला दहा

पाणी दोन बोटं.

मी उठून खोलीत फिरलो. पळून जावं असा विचार आला. टेकडीवर चढलो असतो तर मला काही झालं नसतं. हेही नोंदवतो, म्हणजे कोणी मला साधुसंत समजायला नको. त्या सात थडग्यांत बसून खाली गाव वाहून जाताना बघितलं असतं, आणि अहवालात लिहिलं असतं: परिणाम शून्य.

मग ती गोधडी आठवली. लाल, निळे तुकडे. महिनाभर तिने माझ्यासमोर शिवली, आणि मी एकदाही विचारलं नाही कुणासाठी.

बनवतोय. नाव: राखणदार-कुबात. कशावर उभं: राखणदार-असानाली. सांभाळणारा: जो येईल तो. आत—

आत काही घालता येत नाही. घालून पाहिलं, माझा फोटो, आईचा नंबर, ही रोजनिशी. यंत्र घेत नाही. कोरंच हवं म्हणतं.

आकार शून्य.

किती हसलो होतो मी.

२ जुलै

बसलं.

पहिल्यांदा शेगडीचा वास आला. मग बाहेर झाडूचा आवाज, ओल्या खडीवर. मग खोकला, अगदी कानाशी. मी बांधावर गेलो. चाकाच्या मुठींना माझे हात लावले आणि ते फिरलं. सहज, लोण्यासारखं. मी एकटा फिरवत नव्हतो.

दार उघडलं. पाणी गरजत नीट पात्रातून गेलं, गावाच्या बाजूने, नेहमीसारखं. खाली कोणाला कळलंही नसेल.

परत येताना चिखलातून आलो. मागे वळून पाहिलं. जातानाच्या खुणा होत्या, एक पाय लंगडा. येतानाच्या—

३ जुलै

ते सकाळी परत आले. मेदेर बाइके अंगणात थांबला आणि पायवाटेकडे बघत राहिला. झाडली होती. मी झाडली होती, तोकतोसुनसोबत, तो हात लावू देत नव्हता सुरुवातीला, म्हणे शहरातल्याला झाडू धरता येत नाही—

एजेने पुडकं माझ्या जागेसमोर ठेवलं. मटण, बोरसोक, मूठभर कुरुत, दह्याच्या सुक्या गोळ्या. मला हाक मारली. मी ओ दिली. ती दाराकडे तोंड करून बसली. पुन्हा हाक मारली. मी तिच्या शेजारीच—

फळ्यावरचा आकडा तिने बोटाने हलकेच गिरवला. वाचता येत नाही तिला. पण मेदेर बाइकेला म्हणाली, हे नवीन अक्षर आहे. किती वाईट आहे बघ. आणि रडली.

१५ जुलै

पेन जड होतंय.

कार्यालय दुसरा माणूस पाठवणार. मेदेर बाइके एजेला सांगत होता. बिश्केकचा, हुशार, दहा दिवसांत करतो म्हणालाय. तो येईल, पॅकेजं उघडेल. आठ. आत काहीच नाही म्हणेल. हसेल. मला त्याला सांगायचंय, बाबा रे, काढू—

बादली माझ्याकडे आलीय. मुकाश म्हणाला, दमलोय रे, आता तू—

जीपचा आवाज येतोय. आलाच तो. वाटेत मेदेर बाइकेने त्याला विचारलं असेल. मला आता कोणी विचारलं तर मी अडणार नाही. मी कुबात, असानालीचा. असानाली ओरोझबेकचा, ओरोझबेक कालियचा, कालिय इसाचा, इसा तोकतोसुनचा, तोकतोसुन शारशेनचा, शारशेन मु